शिवाजी पार्कातील घरखरेदी : भिंतींच्या आतले आणि बाहेरचे हक्क

परिसराची घडण

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. दाट, अंधाऱ्या वस्त्यांमुळे रोग कसा फोफावतो हे त्या वेळी शासनाच्या ध्यानात आले आणि १८९८ मध्ये कायद्याने मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. या न्यासाने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या तेव्हाच्या विरळ भागांत रुंद रस्ते आखले, उद्याने राखली आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. पुढे १९३३ मध्ये न्यास महापालिकेत विलीन झाला. दादरच्या पश्चिमेचे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने खुले झाले होते. महापालिकेच्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाभोवती १९३० आणि १९४० च्या दशकांत तीन-चार मजली, गोलाईदार सज्जांच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. त्यांत राहायला आलेली कुटुंबे बहुतांशी पगारदार मध्यमवर्गातली आणि भाड्याने राहणारी होती. आज तोच भाग मुंबईतल्या अतिमहाग निवासी भागांपैकी एक आहे.

किंमत कशाची असते

एकाच दर्जाचे बांधकाम करायला दादरला आणि डोंबिवलीला लागणारा खर्च फारसा वेगळा नसतो. दोन्ही ठिकाणच्या दरांत जी तफावत दिसते ती जवळजवळ सगळी जमिनीची असते. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरचे दादर स्थानक, मे २०२५ पासून भुयारी मेट्रोची दादर, सिद्धिविनायक व शितलादेवी ही स्थानके, मैदान, समुद्र, शाळा, नाट्यगृह हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि मोकळा भूखंड जवळपास उरलेला नाही. त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षांच्या, गिलावा सुटलेल्या इमारतीतील घरही कोट्यवधी रुपयांना विकले जाते. खरेदीदाराला डोळ्यांनी दिसतात त्या भिंती. पैसे मात्र तो मुख्यतः त्यांच्याखालच्या जमिनीतील वाट्याचे मोजतो. हा वाटा त्याच्यापर्यंत कोणत्या कागदांच्या साखळीने पोहोचतो आणि ती साखळी कुठे तुटलेली आहे, हाच या व्यवहारातला मूळ प्रश्न आहे. फरशी, रंग, खिडक्या यांची पाहणी त्यानंतरची.

हक्कांचे प्रकार

शेजारशेजारच्या दोन सारख्याच दिसणाऱ्या इमारतींत घराचा हक्क पूर्णतः भिन्न असू शकतो. पहिला आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था. येथे जमीन व इमारत संस्थेची असते, किंवा असायला हवी, आणि सभासदाकडे संस्थेचे भाग व सदनिका वापरण्याचा हक्क असतो. मुंबईत या पद्धतीची परंपरा जुनी आहे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मधली. दुसरा प्रकार १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालचा. त्यात सदनिकेची मालकी व्यक्तीच्या नावे असते आणि जमिनीतील अविभक्त हिस्साही टक्केवारीत तिच्याच नावे लिहिलेला असतो. तिसरा प्रकार पागडीच्या घराचा, ज्यात मालकी हक्क नसतोच. चौथा, पुनर्विकासातून उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीत विकासकाकडून थेट घेतलेले घर. विक्रीच्या जाहिरातीत या चारही प्रकारांना ‘फ्लॅट’ एवढेच म्हटलेले असते.

पागडीचे घर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जागाटंचाईत १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने अनेक जागांचे प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. भाडे गोठले, पण जागेची बाजारातली किंमत वाढत राहिली. या दोहोंमधली पोकळी भरून काढणारी रक्कम म्हणजे पागडी. ती दीर्घकाळ बेकायदा, तरीही सर्रास चालणारी होती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने तिला कायदेशीर केले. भाडेकरूला हक्क सोडण्यासाठी आणि घरमालकाला हस्तांतरास संमती देण्यासाठी पैसे घेता येतात. भाडे वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवण्याची मुभाही याच कायद्याने दिली.

पागडीचे घर मालकीच्या घरापेक्षा स्वस्त मिळते, आणि त्याची कारणे ठोस आहेत. व्यवहाराला घरमालकाची संमती लागते व त्यासाठी तो रकमेतील मोठा हिस्सा मागतो. तारण ठेवण्याजोगा मालकी हक्क नसल्यामुळे बँका त्यावर सहसा गृहकर्ज देत नाहीत. इमारत केव्हा आणि कशी पाडायची, या निर्णयातही घरमालक हा स्वतंत्र पक्षकार असतो. मालकांच्या कुटुंबातच वाद असेल तर संमती कोणाची घ्यायची येथूनच अडचण सुरू होते. ज्याच्याकडे सर्व रक्कम रोख आहे आणि दहा-पंधरा वर्षे थांबण्याची तयारी आहे, अशा खरेदीदारालाच हा प्रकार झेपतो, असे अनुभवी वकील सांगतात. ते रास्त आहे.

भागप्रमाणपत्र

संस्थेतील घराची सगळी मदार ज्या कागदावर असते तो एक जाडसर, बहुधा पिवळा पडलेला तक्ता आहे. जुन्या भागप्रमाणपत्रावर दर्शनी बाजूला पन्नास रुपयांचे पाच भाग, म्हणजे एकूण २५० रुपये, सभासदाचे नाव आणि संस्थेचा शिक्का असतो. मागच्या बाजूला हस्तांतराचे रकाने असतात : दिनांक, कोणाकडून, कोणाकडे, सचिव व अध्यक्ष यांच्या सह्या. ही मागची बाजू नीट वाचली की घराचा इतिहास कळतो. एखादी नोंद वडिलांच्या नावावरून थेट नातवाच्या नावावर गेली असेल, मधल्या एका विक्रीचा रकानाच नसेल किंवा बँकेच्या तारणाची नोंद रद्द झालेली नसेल, तर प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद मागावा लागतो. प्रमाणपत्र हरवले असल्यास संस्थेकडून दुय्यम प्रत घेता येते. त्यासाठी क्षतिपूर्ती बंधपत्र, पोलिसांतील तक्रार आणि वृत्तपत्रातील जाहीर सूचना या पायऱ्या साधारणपणे पार पाडाव्या लागतात.

जमीन कोणाच्या नावे

मोफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या कायद्यानुसार संस्था नोंदल्यानंतर ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर चार महिन्यांत, विकासकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. या दस्ताला अभिहस्तांतरण म्हणतात. असंख्य विकासकांनी ते केलेच नाही. परिणामी सभासद घरात नांदत राहिले आणि जमीन मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर राहिली. यावर उपाय म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली. विकासक सहकार्य करत नसला तरी संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमिनीवर आपले नाव लावून घेऊ शकते.

नाव लागले आहे की नाही हे मिळकत पत्रिकेवरून कळते. दक्षिणेकडच्या बेटावरील मुंबईत जमिनीची ओळख कॅडस्ट्रल सर्व्हे क्रमांकाने पटते. शिवाजी पार्कच्या पत्रिकेवर दादर हे नाव आढळले नाही म्हणून गोंधळायचे कारण नाही; महसुली नोंदींत हा भाग माहीम विभागात मोडतो आणि अनेक भूखंडांना नगररचना योजनेतील अंतिम भूखंड क्रमांकही असतो. महापालिकेच्या दृष्टीने तोच भाग जी उत्तर विभागात येतो, तर रेल्वेच्या पलीकडची हिंदू कॉलनी आणि माटुंगा एफ उत्तर विभागात. करारातील क्रमांक, पत्रिकेवरील क्रमांक आणि मालमत्ता कराच्या देयकावरील पत्ता हे तिन्ही एकाच भूखंडाचे आहेत याची खातरजमा करणे हे टंकलेखनाच्या चुका पकडण्याचे काम वाटते, पण पुढे कर्जाचा अर्ज याच ठिकाणी अडतो.

पत्रिकेवरील धारणाधिकाराचा रकाना तितकाच महत्त्वाचा आहे. जमीन पूर्ण मालकीची आहे की महापालिकेच्या भाडेपट्ट्याची, हे तेथे दिसते. ९९९ वर्षांचा पट्टा व्यवहारात मालकीसारखाच मानला जातो. ९९ वर्षांचा पट्टा विसाव्या शतकाच्या प्रारंभी दिलेला असेल, तर त्याची मुदत आता संपलेली किंवा संपत आलेली असते; नूतनीकरणाचे शुल्क, हस्तांतराची परवानगी आणि पुनर्विकासाच्या वेळी द्यायचे अधिमूल्य या सगळ्याचा भार शेवटी सभासदांवर पडतो. पट्ट्याचे घर टाळावे असे मुळीच नाही. मात्र उरलेली मुदत आणि अटी ठाऊक नसताना त्याला मालकीच्या घराचा दर देणे चुकीचे ठरते.

करारांची साखळी

मूळ विकासक किंवा संस्थेकडून पहिल्या खरेदीदाराकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, असे आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सर्व करार मिळून साखळी बनते. वकील साधारण तीस वर्षांच्या नोंदी शोधून अहवाल देतात; नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजेच बोलीभाषेतल्या ‘इंडेक्स टू’मध्ये, सापडतो. जुन्या घरांबाबत एक दिनांक लक्षात ठेवावा लागतो : १० डिसेंबर १९८५. त्याआधी ताब्यासह विक्रीचे करार नाममात्र मुद्रांकावर होत असत. त्या दिवसापासून अशा करारावर अभिहस्तांतरणाइतके मुद्रांक शुल्क लागू झाले. त्यानंतरचा एखादा करार कमी मुद्रांकाचा किंवा बिननोंदणीचा राहिला असेल, तर त्याचे शुल्क व दंड आधी कोण भरणार हे किंमत ठरतानाच निश्चित व्हावे लागते.

वारस आणि परदेशी विक्रेते

या परिसरातील अनेक घरे आता पहिल्या पिढीच्या निधनानंतर विक्रीला निघतात. आई-वडिलांनी मुलीचे नामनिर्देशन केलेले असते, संस्थेने भाग तिच्या नावे केलेले असतात आणि दोन मुलगे न्यू जर्सी किंवा सिडनीला स्थायिक असतात. नामनिर्देशनामुळे संस्थेला कोणाशी व्यवहार करायचा ते कळते, वारसांचे हक्क त्याने संपत नाहीत. मृत्युपत्र नसेल तर सर्व वारसांनी विक्रीत सही करणे किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र देणे आवश्यक ठरते. मुंबईतील मालमत्तेच्या मृत्युपत्राबाबत न्यायालयाचे प्रोबेट घेतलेले आहे का, हेही वकील आवर्जून पाहतात.

परदेशी राहणाऱ्या भावंडाचे कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणले जाते आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्याहून मोठा फरक कराचा. विक्रेता निवासी असेल आणि किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल, तर खरेदीदार १ टक्का कर कापून सरकारजमा करतो. विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचा दर कितीतरी अधिक असतो आणि त्याने प्राप्तिकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नसेल, तर ती कपात नफ्यावर न होता पूर्ण रकमेवर करण्याची वेळ येते. कर कापला नाही तर जबाबदारी खरेदीदारावर येते. तीन भावंडांपैकी दोघे अनिवासी असतील तर एकाच व्यवहारात दोन वेगळे दर लागू होतात, आणि ही गोष्ट मध्यस्थ बहुधा शेवटच्या आठवड्यात सांगतात.

क्षेत्रफळ

स्थावर संपदा नियमनाच्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित केली : सदनिकेचे वापरता येणारे क्षेत्र, ज्यात आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात आणि बाहेरच्या भिंती, सेवानलिकांच्या जागा, स्वतंत्र सज्जा व गच्ची वगळल्या जातात. जुन्या करारांत मात्र बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप असे आकडे असतात आणि त्यांचे प्रमाण इमारतीगणिक बदलते. जुन्या इमारतींच्या जाड भिंतींमुळे हा फरक ठळक होतो. बंद करून खोलीत मिळवलेला सज्जा मंजूर नकाशात आहे का, हे वेगळे पाहावे लागते. पुनर्विकासात मिळणारी जागा नोंदलेल्या क्षेत्रावर मोजली जात असल्यामुळे मोजपट्टीने प्रत्यक्ष मोजणी आणि मंजूर नकाशा या दोन्हींची गरज असते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मुंबईत जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात सूट आहे, ही लहान घरांच्या बाजूची गोष्ट.

एकूण खर्चाची मांडणी

समजा घराची ठरलेली किंमत ४ कोटी रुपये आहे. मुंबईत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि मेट्रो अधिभार १ टक्का, म्हणजे २४ लाख रुपये होतात. घर केवळ महिलेच्या नावे असल्यास १ टक्का सवलत मिळून ते २० लाखांवर येते. नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार निघणारे मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर आकारले जाते. मध्यस्थाचे शुल्क आणि वकिलाची फी निराळी.

कर्जाचे गणित याहून कडक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांपुढच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते आणि इतक्या महाग घराच्या मूल्यात मुद्रांक व नोंदणीचा खर्च धरता येत नाही. म्हणजे ४ कोटींच्या घरासाठी कर्ज फार तर ३ कोटी. स्वतःजवळ १ कोटी अधिक २४ लाख आणि वरचा खर्च हवा. शिवाय जुन्या इमारतीचे उरलेले आयुर्मान पाहून बँक आपले मूल्यांकन कमी धरते, तेव्हा हाताशी लागणारी रक्कम आणखी वाढते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटाबाहेरच्या घरावर तो ५ टक्के आहे.

पुनर्विकास

जुन्या घराच्या किमतीत भविष्यातील पुनर्विकासाची अपेक्षा आधीच मिसळलेली असते. ही अपेक्षा कितपत खरी आहे हे तपासण्यासाठी इमारतीचा कायदेशीर प्रकार माहीत हवा. कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंतच्या अनेक जुन्या इमारती उपकरप्राप्त आहेत. त्यांच्यावर दुरुस्ती उपकर बसतो आणि दुरुस्तीची जबाबदारी म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या मंडळाकडे असते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात येतात. भाडे गोठवण्याची आणि उपकराच्या पहिल्या वर्गाची तारीख एकच असणे हा योगायोग नाही : भाडे गोठले म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली, आणि दुरुस्ती सुटली म्हणून शासनाला १९६९ च्या कायद्याने मंडळ उभे करावे लागले. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधील ३३(७) या तरतुदीखाली उपकरप्राप्त इमारतींना ३ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या तिप्पट बांधकाम, मिळतो, तर इमारतींच्या समूहासाठी ३३(९) ही वेगळी वाट आहे. बिगर उपकरप्राप्त सहकारी संस्थांना इतका लाभ नसतो, मूळ १.३३ एफएसआयवर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे अधिमूल्य भरून आणि विकास हक्क विकत घेऊन क्षेत्र वाढवावे लागते. मैदानासमोरची इमारत आणि आतल्या अरुंद गल्लीतली इमारत यांची पुनर्विकासक्षमता म्हणूनच वेगळी असते. समुद्रालगतच्या भूखंडांना किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंधही लागू होतात.

संस्थेच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती शासनाने जानेवारी २००९ मध्ये ठरवली आणि जुलै २०१९ मध्ये सुधारली. सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागार, निविदा, विकासकाची निवड, विकास करार, प्रत्येक सभासदाशी कायम पर्यायी जागेचा करार, मग घर रिकामे करणे, असा तिचा क्रम आहे. यांपैकी कोणत्या टप्प्यावर घर विकले जात आहे त्यानुसार जोखीम बदलते. करारापूर्वी घेतलेल्या घरात वाढीव क्षेत्र म्हणजे केवळ आशा असते. करारानंतर घेतले तर वाढीव क्षेत्र, मासिक भाडे, एकरकमी कॉर्पस, बँक हमी हे सर्व कागदावर असते, पण यांतील भाडे आणि कॉर्पस विक्रेत्याचे की खरेदीदाराचे हे विक्रीकरारात लिहावे लागते. इमारत पाडून झाल्यावर घेतलेले घर म्हणजे विकासकाच्या आर्थिक ताकदीवर टाकलेला विश्वास. मुंबईत भाडे थकलेले आणि काम थांबलेले प्रकल्प कमी नाहीत, म्हणून रेरा संकेतस्थळावरील प्रकल्पाची मुदत, मुदतवाढी आणि दावे पाहिल्याशिवाय या टप्प्यावर पैसे गुंतवणे धाडसाचे आहे.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अहवाल संस्थेकडे असतो आणि विक्रेता तो क्वचितच आपणहून दाखवतो. इमारत सी-१ वर्गात, म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी ठरली असेल, तर घेतलेल्या घरात राहता येत नाही.

वाहनाची जागा

१९४० च्या दशकातील इमारती मोटारी गृहीत धरून बांधलेल्या नाहीत. खांबांमधली खुली जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद खटल्यात दिला. ती संस्थेची सामाईक जागा असून वाटप संस्थाच करते. विक्रेत्याने ‘पार्किंगसह’ म्हटले तरी जागेचा वापर संस्थेच्या नियमांप्रमाणे ठरतो. संस्थेचे वाटपपत्र नसेल तर त्या शब्दाला किंमत देऊ नये.

सभासदत्व

दुय्यम निबंधक कार्यालयात करार नोंदला गेला तरी संस्थेतील हस्तांतर पूर्ण होईपर्यंत व्यवहार अर्धाच राहतो. हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपये आहे. त्याहून मोठी रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. तिला कायद्याचा आधार नाही. आदर्श उपविधींनुसार विक्रीसाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही, पण कर्ज देणारी बँक ते मागतेच, त्यामुळे संस्थेच्या समितीशी संबंध टाळता येत नाही. सभासदत्वाचा अर्ज पोहोचल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते, आणि नकार मिळाल्यास निबंधकांकडे अपील करता येते. काही जुन्या संस्था विशिष्ट समाजापुरत्या स्थापन झालेल्या आहेत. गुजरातमधील झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे निर्बंध घालणारे उपविधी वैध ठरवले. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींतील घर पाहताना संस्थेचे नोंदलेले उपविधी इसार देण्यापूर्वी मागवून वाचले, तर अर्ज या कारणाने फेटाळला जाण्याची शक्यता वेळीच कळते.